मेनू दिसला म्हणजे डीव्हीडी चांगली, असं नसतं

वाचकाचं पत्र, थोडं आखडून:

"सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी बत्तीस वर्षं दिवाणजी होतो, आता घरी आहे. मुलीच्या इंजिनिअरिंगला 2009 साली घेतलेला लॅपटॉप तिचं शिक्षण संपल्यावर मी दुकानात नेला. त्यावर शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या करत होतो. कोअर टू ड्युओ, 2 जीबी रॅम, विंडोज 7. ते विंडोज आता सुरूच होत नाही. पुण्याच्या भाच्यानं विंडोजच्या जागी बसणारं लिनक्स मिंट, त्यातलं हलकं एक्सएफसीईवालं, डाउनलोड करून डीव्हीडीवर उतरवून दिलं. कोऱ्या डीव्हीड्या घरच्याच. 2019 च्या पुरात खालचं सामान माळ्यावर टाकलं, त्यात तो डबा होता. मेनू झकास येतो. पण इन्स्टॉल करताना पहिल्यांदा काम किती झालं ते दाखवणारी पट्टी एक तृतीयांशावर अडली. दुसऱ्यांदा निम्म्याच्या पुढं गेली आणि इंग्रजीत लांबलचक चौकट आली, तिच्यात 'एरनो 5' असं काही होतं. तिसऱ्यांदा मेनूनंतर पडदा काळा. चौथ्यांदा अर्ध्या तासात लॅपटॉपच बंद. तारीख दर वेळी 1 जानेवारी 2009 दाखवतो. भाचा म्हणतो डीव्हीडीचा जमाना गेला, पेनड्राइव्ह वापरा. पण लॅपटॉप कशावरून सुरू करायचा त्या यादीत पेनड्राइव्ह दिसतच नाही. आता म्हणतो मिंट सोडा, दुसरं काहीतरी टाकू. मला मराठी पत्रं टाइप करायची आहेत आणि नाट्यगीतं ऐकायची आहेत, एवढंच. भंगारात द्यायचा का?"
— एक निवृत्त दिवाणजी, गावभाग, सांगली

दिवाणजी, नमस्कार.

भंगाराचं नंतर बघू. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. पट्टी एकदा एक तृतीयांशावर अडली आणि एकदा निम्म्याच्या पुढं जाऊन अडली. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको: तीच बेरीज तीन वेळा मारली आणि तिन्ही वेळा वेगळी आली, तर चूक वहीत नसते, चष्म्यात असते. मिंटमध्येच खोट असती, किंवा डाउनलोड झालेली फाइलच अर्धवट असती, तर गाडी दर वेळी त्याच ठिकाणी अडली असती. जागा बदलते आहे, म्हणजे वाचणारा अडखळतो आहे. म्हणून भाच्याला सांगा, मिंट सोडायचं नाही. दुसरं लिनक्स त्याच डब्यातल्या डीव्हीडीवर उतरवून त्याच ड्राइव्हमध्ये घातलं, तर तेही असंच कुठंतरी अडेल आणि मग "लिनक्सच बेकार" असं म्हणायला आपण मोकळे.

पण पुढं जायच्या आधी एक अप्रिय प्रश्न. इन्स्टॉल सुरू करताना "इरेज डिस्क" हा पर्याय निवडला होता का? फाइली उतरायला लागल्या म्हणजे त्याआधीच हार्डडिस्कवरच्या जुन्या कप्प्यांची मांडणी पुसली गेली. त्या लॅपटॉपवर मुलीचे फोटो किंवा जुन्या पट्ट्या असतील आणि त्यांची दुसरी प्रत कुठंच नसेल, तर पाचवा प्रयत्न करू नका. लॅपटॉप बंद ठेवा. पुसलेल्या डिस्कवरून टेस्टडिस्क, फोटोरेक अशा फुकटच्या साधनांनी बरंच काही परत मिळतं. पण नवं जितकं लिहाल तितकं जुनं कायमचं झाकलं जातं. तसं काही नसेल, किंवा सगळं आधीच पेनड्राइव्हवर उचललं असेल, तर पुढं वाचा.

ती लांबलचक चौकट. भाच्यानं ती बहुतेक न वाचताच बंद केली असणार, सगळेच करतात. पण ही चौकट भांडायला आलेली नसते, ती चक्क औषधाची चिठ्ठी असते. "एरनो 5, इनपुट-आउटपुट एरर" याच्या खाली इंग्रजीत साधारण असं लिहिलेलं असतं: हे बहुतेक वेळा खराब डिस्कमुळं, खराब डिस्क ड्राइव्हमुळं किंवा खराब हार्डडिस्कमुळं होतं. डिस्क पुसून बघा, कमी वेगानं लिहून बघा, ड्राइव्हची काच साफ करा, हार्डडिस्क जुनी झाली का तपासा, आणि यंत्र थंड जागी हलवा. तुमच्या चारही प्रयत्नांचं उत्तर या चार ओळींत आहे. मी फक्त त्यांना मार्केट यार्डाचा पत्ता जोडते.

"मेनू झकास येतो" याचा अर्थ डीव्हीडी चांगली आहे, असा सगळेच लावतात. तो चुकीचा आहे. डीव्हीडीवरचा मजकूर आतून बाहेर असा एकाच लांब गिरकीत लिहिलेला असतो. सुरुवातीला लागणारा मेनू म्हणजे त्यातला चिमूटभर भाग. खरा ऐवज एका प्रचंड दाबून भरलेल्या फाइलीत असतो. मिंटची डिस्क सगळी मिळून 3 जीबीच्या आसपास, त्यातला बहुतेक भाग ही एकच फाइल. मेनूला त्यातलं काहीच लागत नाही, इन्स्टॉलला ते सगळं लागतं. शिवाय घाईनं लिहिलेल्या डिस्कचा कच्चेपणा बहुतेक वेळा बाहेरच्या कडेला असतो, म्हणजे गाडी बरीच पुढं गेल्यावरच कळतो.

आता चष्मा. लॅपटॉपच्या डिस्क ड्राइव्हचा ट्रे बाहेर ओढलात की त्याच्यावरच एक मसुराएवढी काच दिसते, तीच नजर. तुमच्या लॅपटॉपनं हळदीच्या अडतीवर वर्षानुवर्षं काढली आहेत. सौद्याच्या दिवशी यार्डात अर्धा तास उभं राहिलं तरी रुमाल पिवळा होतो; ती धूळ या काचेवर बसली नसेल तरच नवल. हळदीची धूळ बारीक असते आणि चिकटही, नुसती फुंकर मारून जात नाही. मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला ते जेमतेम ओलं करा आणि काचेवरून अलगद, अजिबात न दाबता, दोन-तीनदा फिरवा. ती काच केसासारख्या तारांवर तोललेली असते, जोर दिलात तर संपलं. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, बॅटरी काढता येत असेल तर तीही काढलेली. अत्तर नको, तोंडाची वाफ नको, शर्टाचं टोक तर मुळीच नको. बंद लॅपटॉपचा ट्रे उघडत नसेल तर त्याच्या तोंडावर टाचणीएवढं भोक असतं. कागदाची क्लिप सरळ करून आत दाबा.

काडी पिवळी निघाली तर मला कळवा. मी पैज लावायला तयार आहे.

पण चष्मा पुसून भागलं असं समजू नका, कारण वहीही संशयित आहे. तुमचा तो माळ्यावरचा डबा. घरी लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेझर त्या थरावर खुणा भाजत जातो. तो थर उन्हाळ्यात पत्र्याखाली तापला, पावसाळ्यात ओलीत राहिला, असं वर्षानुवर्षं झालं की कोरी असतानाच थकतो. हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीतल्या कोठारात, हळद वर्षानुवर्षं टिकायची म्हणून आपल्याकडं "बंद करून ठेवलं की टिकतं" अशी एक समजूत आहे. पेवांनासुद्धा 2005 च्या पुरानं दणका दिला. माळ्यावरचा डबा म्हणजे पेव नव्हे. दोन नव्या डीव्हीड्या विकत आणा, आणि आर-डब्ल्यू म्हणजे पुसून परत लिहायच्या आणू नका. त्यांची चकाकी मुळातच कमी असते आणि म्हाताऱ्या ड्राइव्हला ती वाचताना त्रास होतो.

लिहिण्याआधी ताळा. डाउनलोडच्या पानावर मिंटवाले प्रत्येक फाइलीबरोबर चौसष्ट अक्षर-आकड्यांची एक ओळ देतात, तिला एसएचए-256 म्हणतात. भाच्याच्या संगणकावर उतरलेल्या फाइलीची तशीच ओळ काढता येते. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासूनच असते, वेगळं काही आणावं लागत नाही. रोजमेळ आणि खतावणी जुळवता तशा दोन्ही ओळी जुळवायच्या. फाइलीत एका अक्षराचा फरक असला तरी ही ओळ पार बदलते, त्यामुळं "जवळपास जुळलं" असा प्रकार इथं नसतो. जुळलं तर फाइल निर्दोष, आणि तिचा विषय कायमचा संपला.

मग लिहायचं. भाच्याच्या विंडोजवर त्या फाइलीवर उजवी कळ दाबली की "बर्न डिस्क इमेज" असा पर्याय येतो, तोच घ्यायचा, आणि "व्हेरिफाय" या चौकोनात बरोबरची खूण करायची. वेग निवडता येत असेल तर 4 एक्स. घाई नको. त्या वेगात 3 जीबी लिहायला दहा-बारा मिनिटं लागतात. फाइल उचलून डीव्हीडीवर नुसती कॉपी करायची नाही; तसं केलं तर डिस्क म्हणजे बंद पाकीट आत ठेवलेली पेटी होते, लॅपटॉपला आतलं काही वाचता येत नाही. मी स्वतः एकदा एका आत्याला अशी डिस्क करून दिली आणि दोन दिवस फोनवरून तिच्या संगणकाला नावं ठेवत बसले. तुमचा मेनू येतो आहे, म्हणजे भाच्यानं ही चूक केलेली नाही. त्याला तेवढं श्रेय द्या.

नवी डिस्क तुमच्या लॅपटॉपमध्ये घातली की लगेच इन्स्टॉलकडं धावू नका. मेनू पुढं सरकायच्या आधी काही सेकंद मिळतात, तेवढ्यात बाणाची कळ दाबून तो अडवा. त्यात "इंटिग्रिटी चेक" आहे. तो घ्या आणि चहा करायला जा. भाच्याकडचं "व्हेरिफाय" भाच्याच्या ड्राइव्हनं केलेलं असतं, हे तुमच्या ड्राइव्हनं केलेलं असेल. दोन्हींतला फरक म्हणजेच तुमच्या ड्राइव्हची नजर. भाच्याकडं उत्तीर्ण आणि तुमच्याकडं नापास, असं झालं तर वहीचा दोष नाही, चष्म्याचाच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला एवढी माझी विनंती. आधी काच पुसून जुनी डिस्क तपासा, मग नवी डिस्क लावा. दोन्ही एकदम बदलून काम झालं तर आनंदच, पण बिघडलं होतं काय ते कधी कळणार नाही आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून.

काळ्या पडद्याबद्दल भाच्याला कुणीतरी "नोमोडसेट टाका" (ग्राफिक्स साध्या पद्धतीनं चालवायची आज्ञा) असं सांगेल. ते औषध खरं आहे, पण तुमच्या रोगाचं नाही. ग्राफिक्सचं जमत नसेल तर पडदा दर वेळी काळा होतो. तुमचा आधीच्या दोन वेळी नीट दिसला होता. तिसऱ्या वेळी डिस्क वाचताना लॅपटॉप अडकला असावा आणि वरच्या शोभेच्या चित्रामागं तो गप्प बसला असावा. परत तसं झालं तर एस्केप दाबा. चित्र बाजूला होतं आणि मागच्या ओळी दिसतात. त्यांत "एसआर" आणि पुढं शून्य, म्हणजे एसआर-झिरो, असा शब्द परत परत येत असेल तर तो तुमचा डिस्क ड्राइव्ह, दुसरं कुणी नाही. "स्क्वॉशएफएस एरर" दिसलं तर ती मघाशी सांगितलेली दाबून भरलेली फाइल वाचता आली नाही. आणि "एसडीए" असं नाव येत असेल तर मात्र बोट हार्डडिस्ककडं आहे, मग गोष्ट वेगळी.

(ज्यांचा पडदा खरोखर दर वेळी काळा होतो त्यांच्यासाठी: मिंटच्या मेनूत "कंपॅटिबिलिटी मोड" आहे, आधी तो घ्या. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर वगैरे मेनूवर असताना ई दाबायचं, लिनक्स या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटाकडं जायचं आणि एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी असं सलग, लहान अक्षरांत लिहून एफ-10 दाबायचं. उबुंटूच्या डिस्कवाल्यांना आणखी एक. उबुंटूच्या 24.04 या आवृत्तीची फाइल 5 जीबीच्या वर आहे आणि साध्या डीव्हीडीवर 4.7 जीबीच मावतं. ती डिस्क होणारच नाही, उगाच डीव्हीड्या फुकट घालवू नका.)

चौथ्यांदा लॅपटॉप बंद पडला. कसलीही सूचना न देता, पुटकन? मग ते तापणं. पुन्हा हळद. पंख्याच्या जाळीत धुळीचा नमदा झाला असणार. एरवी पट्ट्या करताना लॅपटॉपला फार जोर लागत नाही, पण इन्स्टॉल म्हणजे तासभर उलगडणं आणि लिहिणं, तेवढ्यात तो तापून स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. खालचं झाकण उघडून रंगाच्या मऊ ब्रशनं जाळी झाडा. पंखा बोटानं धरून ठेवा, वाऱ्यानं गरगर फिरू देऊ नका. स्वतः नको वाटत असेल तर गावातल्या दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्टही बदलायला सांगा. आणि इन्स्टॉल पहाटे करा. सांगलीचा एप्रिल असेल तर दुपारी बाराला नक्कीच नको. लॅपटॉप उशीवर, गादीवर ठेवायचा नाही, पाट चांगला. बॅटरी मेली असेल तर अजून एक शक्यता आहे. वीज जाऊन इन्व्हर्टर लागताना जो क्षणभराचा झटका बसतो तेवढ्यानंही लॅपटॉप बंद होतो. त्या दिवशी घरातले दिवे मिचकावले होते का, आठवा.

तारखेचं दुखणं किरकोळ वाटतं, पण पुढं तेच छळेल. आतली घड्याळाची बटणासारखी बॅटरी संपली आहे. इन्स्टॉलला त्यामुळं अडत नाही. पण 2009 सालात बसून इंटरनेट उघडलंत तर सगळ्या साइट्स "प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही" म्हणून दारातच अडवतात, आणि मिंटचे अपडेटही "ही फाइल अजून वैध नाही" म्हणतात. लोक तेव्हा नेटवाल्याला फोन करून भांडतात. तूर्त लॅपटॉप चालू करताना एफ-2 (बहुतेक तीच कळ असते) दाबून बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ मांडणीच्या पानावर, जा आणि तारीख हातानं नीट करा. तो सेल बहुतेक सीआर 2032 असतो, पण लॅपटॉपमध्ये त्याला दोन तारा आणि चिमुकला प्लग जोडलेला असतो. घड्याळवाल्याचा सुटा सेल चालेलच असं नाही. पंख्यासाठी झाकण उघडाल तेव्हाच बघून घ्या. ही बॅटरी मेली की बूटचा क्रम, म्हणजे लॅपटॉपनं आधी कशावरून सुरू व्हायचं तो क्रमसुद्धा कधीकधी मूळपदावर जातो, तेही ध्यानात असू द्या.

आता भाच्याचा पेनड्राइव्ह. जमाना गेला हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. काच पुसून, नवी डिस्क आणूनही ड्राइव्ह दाद देत नसेल तर पेनड्राइव्हच योग्य. यादीत दिसत नाही याचं कारण बहुतेक असं: त्या काळातले बायोस पेनड्राइव्हला वेगळं नाव देत नाहीत, त्याला हार्डडिस्कांच्या घोळक्यात बसवतात. लॅपटॉप पूर्ण बंद करा, पेनड्राइव्ह आधी लावा, मग चालू करून बायोसमध्ये जा. बूटच्या पानावर "हार्डडिस्क" या शब्दावर एंटर दाबलं की आत दोन नावं दिसतील. पेनड्राइव्हचं नाव वर न्या. चालू केल्यावर लावलेला पेनड्राइव्ह त्याला दिसत नाही. आणि पेनड्राइव्ह रुफस या विंडोजवरच्या प्रोग्रामनं तयार करत असाल तर विभागणी "एमबीआर" ठेवा, "जीपीटी" नको. 2009 च्या लॅपटॉपला बहुतेक जुन्या पद्धतीचंच कळतं.

एवढं करूनही बायोस पेनड्राइव्हला ओळख दाखवत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. प्लॉप बूट मॅनेजर नावाचा अगदी चिमुकला प्रोग्राम सीडीवर लिहायचा. लॅपटॉप सीडीवरून सुरू होतो, प्लॉप यूएसबीला उठवतो आणि सूत्रं पेनड्राइव्हच्या हाती देतो. सीडी म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, ड्राइव्हची नजरच गेली आहे तर ही तरी कशी वाचणार? गंमत अशी की सीडीचं आणि डीव्हीडीचं लेझर वेगवेगळं असतं, 780 आणि 650 नॅनोमीटरचं. डीव्हीडीचं थकलं तरी सीडीचं ठणठणीत असू शकतं. घरात जुनी गाण्याची सीडी असेल तर ती घालून बघा. ती छान वाजते आणि डीव्हीडी अडखळते, असं असेल तर पुसूनही फारसा फरक पडणार नाही. मग थेट पेनड्राइव्ह.

बाकीचं भरभर. डिस्कवरून मिंट नुसतं चालू करून, इन्स्टॉल न करता, "डिस्क्स" नावाचा प्रोग्राम उघडा आणि हार्डडिस्कची तब्येत सांगणारं "स्मार्ट" पान बघा. सोळा-सतरा वर्षांची डिस्क आहे, तिथं "बॅड सेक्टर" चे, म्हणजे खराब झालेल्या जागांचे, आकडे दिसले तर तिच्यावर इन्स्टॉल करणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग. साधी अडीच इंची साटा एसएसडी त्याच जागी बसते, आणि खरं सांगायचं तर ती सगळं ठीक असतानाही बसवावी. जुन्या लॅपटॉपवर करण्यासारखा तेवढा एकच मोठा खर्च आहे. रॅमवर संशय घ्यायचा तो शेवटी, म्हणजे इंटिग्रिटी चेक उत्तीर्ण होऊनही इन्स्टॉल वेगवेगळ्या जागी अडत असेल तर. तेव्हा मेनूतली मेमरी टेस्ट रात्रभर लावून ठेवा. लाल ओळी आल्या तर रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरानं पुसा आणि परत बसवा. या पट्ट्या तुमच्या हातच्या नव्हेत, पण त्या तितक्याच जपून हाताळा.

इन्स्टॉलच्या शेवटी ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, कुठं टाकायचा असं विचारलं तर पूर्ण डिस्क, म्हणजे नुसतं एसडीए. पुढं 1, 2 असा आकडा असलेला कप्पा नको.

आणखी एका प्रकारच्या वाचकांसाठी, तुमच्यासाठी नव्हे. डिस्क घालताच "हा कर्नल एक्स-86-64 प्रोसेसर मागतो" अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली तर तुमचा लॅपटॉप 32 बिटचा आहे आणि आजचं मिंट त्यावर चालणार नाही. तिथं डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या 12 ची 32 बिट आवृत्ती टाका. 2025 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या 13 पासून डेबियननं 32 बिटचा इन्स्टॉलर बंद केला. दिवाणजींचा कोअर टू ड्युओ 64 बिटचा आहे, म्हणून तर पट्टी निम्म्यापर्यंत गेली.

चालू झाल्यावर वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका. जुन्या लॅपटॉपांतल्या काही वायफाय चिपांना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो आणायला इंटरनेट लागतं. तुमचा अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला जोडा, फोनमध्ये "यूएसबी टेदरिंग" चालू करा, लॅपटॉपला नेट मिळालं. मग मेनूतला "ड्रायव्हर मॅनेजर" उघडा, तो पुढचं बघतो.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट जोडा. अडतीवरची जुनी पत्रं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील तर ती नव्या यंत्रावर अगम्य चिन्हांसारखी दिसतील. फायली बिघडलेल्या नाहीत, त्या युनिकोडच्या आधीच्या आहेत. त्या पुसू नका, युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत. नाट्यगीतांचं सांगायचं तर 2 जीबीत ब्राउझरची एकच खिडकी उघडी ठेवा. बँकेची साइट, बातम्या आणि गाणं तिन्ही एकदम उघडलंत तर गाणं तानेवरच अडेल.

काच आधी पुसा. आणि ती चौकट परत आलीच तर बंद करू नका. फोनवर तिचा फोटो काढा, शेवटच्या ओळीपर्यंत नीट दिसेल असा, आणि पाठवा. भाच्याला म्हणावं, निदान या खेपेला वाचायचा.